मांजरीहून चाफ्यासाठी आणलेले पाहुणे

आमच्या कर्वेनगरच्या इमारतीसमोरचा चाफा रविवारी कापायचा ठरला, म्हणून मी शनिवारी हडपसरपुढच्या मांजरी गावाला, मामाकडे निघालो.

चाफ्यावर पिठ्या ढेकूण पडला होता. हा परदेशातून आलेला किडा. कापसासारखा पानांना चिकटतो, रस शोषतो आणि खालच्या गाड्यांवर चिकटा गाळतो. सोसायटीचे सेक्रेटरी काका आईला म्हणाले, "अहो वहिनी, फुलं हवीत की गाद्या भरायच्यात?" आई हसली, पण घरात येऊन खिडकीतून चाफ्याकडे बघत बसली. झाड बाबांनी लावलेलं. ते गेल्यापासून त्याचीच फुलं ती रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे ठेवते.

मांजरीच्या मामाची पपईची बाग याच किडीतून वाचली होती.

कुणाला जायचं असेल तर हडपसरची बस सकाळी लवकर घ्या. आयटी पार्कची गर्दी सुरू झाली की उभं राहावं लागतं. मी तिथेच हाउसकीपिंगला आहे, रोजचा अनुभव. हडपसरच्या गाडीतळावर सहा सीटर रिक्षा मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं चालकाला कधी वाटत नाही. पुढे एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला नव्या इमारती. मामाच्या फाट्यावर रसवंती आहे. रस आलं-लिंबू घालून मागा.

मामाने पपईचं पान उलटं करून दाखवलं. पांढऱ्या किड्यांत काही फुगून तपकिरी झाले होते.

"ह्यांच्या पोटात बारक्या माश्या हायेत. भाईर पडल्या की दुसऱ्या पिठ्यात अंडी घालत्यात. मानसाला चावत न्हाईत. फकस्त औषध मारू नको, त्याबी मरतील."

अशी पानं त्याने कागदी पिशवीत घालून तोंड दोऱ्याने बांधलं.

परतीच्या बसमध्ये मी पिशवी मांडीवर, रुमालाने झाकून धरली. शेजारच्या आजींनी विचारलं, "पिल्लू आहे का रे?"

"नाही आजी, किडे."

त्या दुसऱ्या सीटवर गेल्या.

घरी पोचलो तर आई चाफ्याखाली स्टुलावर उभी. दिवसभर तिने ओल्या फडक्याने चाफ्याचं एकेक पान पुसलं होतं. "आता कापायला कारणच उरलं नाही," ती म्हणाली. हात चिकट, चेहरा आनंदी. मी हातातल्या पिशवीकडे बघितलं. खोडाच्या खाचांतून पिठ्या पुन्हा येणारच, आणि आज खायलाच नसेल तर माश्या टिकणार कशा? तिला सांगायला जड गेलं, पण सांगितलं.

ती वर बघत राहिली. "शेंड्यापर्यंत हात पोचला नाही माझा. तिथे आहे अजून पांढरं."

सेक्रेटरी काका गाडी पुसता पुसता ऐकत होते. आत जाऊन शिडी घेऊन आले. "मी धरतो. पडलास तर सोसायटी जबाबदार नाही."

मी पिशवी शेंड्याला बांधून तोंड मोकळं केलं.

"किती राहणार हे पाहुणे?"

"महिनाभर तरी थांबा, काका."

"बरं. तोवर गाडी पलीकडे लावतो."

रविवारी करवत आली नाही. आता शेंड्यांना स्वच्छ पालवी फुटली आहे. तरी कामावर जाताना मी रोज पानं उलटून बघतो. त्या प्रवासाने लागलेली ही सवय. परवा खालच्या एका पानावर पांढरा ठिपका दिसला. फडकं आणायला वळलो, तर आईने हात धरला.

"राहू दे रे तेवढा. लांबून आल्यात त्या. उपाशी नकोत राहायला."