एक नंबर कुठून मोजायचा

आई जानेवारीत गेली, बाबा मार्चअखेर निवृत्त झाले आणि बरखेड्यातलं कारखान्याचं क्वार्टर जूनच्या शेवटी सोडायचं होतं. या तिन्ही गोष्टी एका ओळीत मावतात याचं मला आजही नवल वाटतं. मी नागपूरला शाळेत शिकवत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी मुलांना सासूबाईंच्या हवाली केलं आणि सामान बांधायला म्हणून भोपाळला आले. आईच्या साड्या कपाटातून काढताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. साड्यांच्या घड्या घातल्या, पेटीत ठेवल्या, चहा केला आणि दुसरं कपाट उघडलं.

दादा पुण्याला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि प्रश्न एकच असायचा. "बाबा एकटे राहू शकतील का? तू तिथे आहेस, तूच बघ आणि सांग." भोपाळमध्येच सोनागिरीत बाबांनी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या आणि त्यांना तिथेच राहायचं होतं. बत्तीस वर्षांचे दोस्त इथे, बाजार इथला, शिव्यासुद्धा इथल्या, पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी करू काय, असं ते म्हणत. पण दादाची भीतीही अगदीच पोकळ नव्हती. निवृत्तीनंतर दोनदा ते डबा घेऊन सकाळच्या शिफ्टला कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहिले होते. दूध तर रोजच उतू जायचं. एकदा त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली आणि लक्षात आल्यावरही ती बदलली नाही. बाबांनी पुढचं आयुष्य कुठे काढायचं हे माझ्या एका हो-नाहीवर येऊन ठेपलं होतं. त्याचं मला ओझं वाटायला हवं होतं. मला नुसती झोप येत होती.

बाबांनी मग आपणहूनच एक परीक्षा लावून घेतली. क्वार्टरच्या मागे पत्र्याखाली आमची जुनी डिझेलची गाडी उभी होती. आईच्या आजारपणात ती रोज साकेत नगरकडच्या हॉस्पिटलात जाऊन येत असे, आणि त्या दीड महिन्यात रेडिएटरमधलं पाणी बघायचं कुणालाच सुचलं नाही. आई गेली त्याच आठवड्यात इंजिन तापून जाम झालं. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, म्हणजे हेडला, तडा गेला, दोन पिस्टन खरवडले, डिझेलचा पंप तर आधीपासूनच गळका होता. दादा म्हणाला, भंगारात देऊन टाका. बाबा म्हणाले, "सामान ट्रकने जाऊ दे. मी माझ्या गाडीने ट्रकच्या मागे सोनागिरीला जाईन. माझ्या हातून ही सुरू झाली नाही, तर खुशाल न्या मला पुण्याला."

"बाबा, सोनागिरी सायकलने दहा मिनिटांवर आहे," मी म्हणाले. "तेवढ्यासाठी इंजिन खोलायचं?"

"सायकल कोणीही चालवतं," ते म्हणाले, आणि नट खोलायचे पाने शोधायला गेले.

दादाला फोनवर हे सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पण लक्ष ठेव."

नवे भाग मिळण्याची आशा नव्हती. गाडीच इतकी जुनी होती. म्हणून आम्ही शहरात, जुन्या गाड्या तोडतात त्या बाजारात गेलो. मे महिन्यातली सकाळ, दहाच वाजले होते पण पत्र्यांना हात लावता येत नव्हता. दारं एकीकडे, सीटा एकीकडे, आणि ताडपत्रीखाली इंजिनांच्या हेडचा ढीग. बाबांच्या शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला मायक्रोमीटर होता आणि पिशवीत रॉकेलची बाटली आणि खडूचा डबा. बाबा कारखान्यात विजेच्या मोठाल्या मोटर जोडणाऱ्या शॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि चार्जमन, म्हणजे सुपरवायझर, होऊन बाहेर पडले. भंगारात जातानाही ते शॉपमध्ये जावं तसेच गेले.

त्यांनी एक हेड निवडलं, त्यावर रॉकेल ओतलं, कोरड्या फडक्याने पुसून काढलं आणि वर खडूची पूड चोळली. मग उकिडवे बसून वाट बघत राहिले. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. पहिल्या हेडवर रेघ उमटली. दुसऱ्यावरही उमटली. दुकानदार खाटेवरून सगळं बघत होता.

"को खाँ," तो भोपाळी ठेक्यात म्हणाला, "हेड ले रहे हो के लड़की देख रहे हो?"

"लड़की में इतना नहीं देखा था," बाबा म्हणाले. "किस्मत से अच्छी मिल गई."

दुकानदार हसला. बाबाही हसले, आणि हसू संपल्यावर तिसऱ्या हेडवर खडू चोळायला लागले. मी सावलीत उभी होते. या वाक्यावर मला आईसाठी रडू यायला हवं होतं, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळत होतं. तिसरं हेड कोरडं निघालं. दोन पिस्टन दुसऱ्या एका इंजिनातून मिळाले, ते त्यांनी चार-चार ठिकाणी मोजले. पंप एका जीपच्या इंजिनावरचा. घरी आणताना तो आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळला. साडीला ग्रीस लागलेलं मला दिसलं, एवढंच.

मग दोन आठवडे सकाळी सहा ते नऊ काम चाललं. ऊन चढलं की बंद. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेला असे, आणि त्या ओळीतून चालायची कुणाची टाप नव्हती. कारखान्याचा एक नियम बाबांच्या हाडात मुरला होता. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. दुसऱ्याने बघून ठीक म्हटल्याशिवाय पुढचा नटसुद्धा आवळायचा नाही. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून इन्स्पेक्शन माझ्याकडे आलं.

"बघ, बरोबर आहे का?"

"बाबा, मला त्यातलं काय कळतं?"

"कळायची जरूर नाही. बघायची जरूर आहे."

मी ओट्यावरून हात पुसत जायची, वाकायची, ठीक आहे म्हणायची आणि परत येऊन बरण्या गुंडाळायची. खरं सांगायचं तर मी एकदाही बघितलं नाही. डोळे तिकडे असत, एवढंच.

पंप बसवायच्या दिवशी त्यांनी मला बराच वेळ उभं केलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबून इतकी तापवतो की त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. फवारा नेमका त्या क्षणी यायला हवा. म्हणून पंप बसवण्याआधी एक नंबरचा पिस्टन दाबाच्या टोकाला आणून ठेवायचा आणि पंप त्याच्याशी जुळवायचा. बाबांनी इंजिन हाताने फिरवलं, थांबले, आणि मागच्या टोकाच्या सिलिंडरवर बोट ठेवलं. "हा एक नंबर. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. बघ."

मी म्हणाले, "ठीक आहे."

रविवारी सकाळी गाडी सुरू करायची ठरली. गल्लीतले चार-पाच जण जमले, कोणी बॅटरी आणून दिली, एका बाईंनी तर नारळ आणला. बाबांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, एग्झॉस्टमधून पांढरा धूर आला, डिझेलचा वास पसरला, आणि काही पेटलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा धूर. बॅटरी उतरल्यावर सगळ्यांनी मिळून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली आणि तिथून परत ढकलत आणली. नारळ तसाच पायरीवर राहिला. बाबा बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते आणि त्यांचे हात एकदा या पाइपावर, एकदा त्या पाइपावर जात होते. गेटवर डबा घेऊन उभे राहिले असतील तेव्हा ते असेच दिसले असतील, असं मला वाटलं.

शेवटी मीच सोनागिरीच्या चौकातून एका मेकॅनिकला घेऊन आले. त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"अंकल ने एक नंबर पीछे से गिन लिया," तो मला म्हणाला. बाबांना नाही, मला. "एक नंबर तो पंखे की तरफ होता है, दीदी. नया लड़का भी जानता है. पंप पूरा एक चक्कर ग़लत बैठा है."

तो पंप बसवून द्यायला तयार होता. बाबा म्हणाले, "रहने दो, मैं कर लूँगा," आणि आत जाऊन पंख्याखाली बसले. हात न धुता बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी सांगितलं. इंजिन लागलं नाही. त्यांना एक नंबर कुठला तेही कळलं नाही, दादा. नव्या पोरालासुद्धा कळतं म्हणे. माझा आवाज अगदी शांत होता, निकालपत्र वाचून दाखवताना असतो तसा. दादा म्हणाला, "मग झालं तर. मी उद्या तिकीट काढतो." मी बरं म्हणाले. बाबांना सांगशील का, असं त्याने विचारलं नाही आणि मीही त्यांना सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी बाबांचे एक दोस्त आले, मी त्यांना काका म्हणते. दोन क्वार्टर सोडून राहायचे, कारखान्यात इन्स्पेक्शनला होते, मुलीकडे इंदूरला गेले होते म्हणून रविवारी नव्हते. बाबा दूध आणायला गेले होते. मी चहा ठेवला आणि झाला प्रकार सांगितला. ते आधी हसले आणि मग खोकेपर्यंत हसले.

"पीछे से गिना? अरे बेटा, मैं भी पीछे से ही गिनता. हमारे यहाँ गिनती ड्राइविंग एंड से होती है. जिधर से ताक़त बाहर निकले, वो पहला सिरा. बत्तीस साल यही गिना है हम लोगों ने. गाड़ी वाले उल्टा गिनते हैं, तो वो जानें."

गाडीत ताकद मागच्या बाजूने बाहेर पडते, गिअरबॉक्सकडे. बाबांनी त्याच बाजूने मोजलं होतं. डोकं गेलं म्हणून ते चुकले नव्हते. बत्तीस वर्षं बरोबर केलं तेच त्यांनी पुन्हा केलं होतं. "तेरे पापा बिलकुल ठीक हैं," जाताना काका म्हणाले. मी चहाचे कप विसळले. दादाला लगेच फोन करायला हवा, हे मला कळत होतं. पण सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं असतं, तो उलट प्रश्न विचारणार, मग मी सोनागिरीची जबाबदारी घेणार, दर महिन्याला नागपूरहून येणार. मी थकले होते. या एका शब्दामागे मी बरीच वर्षं लपून राहिले. आता लाज वाटते, आणि निदान ती तरी खरोखर वाटते.

बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना इंजिन लागलं. बाबांनी पहाटेच पंप काढून, इंजिन एक फेरा फिरवून परत बसवला होता, आणि यावेळी मला तपासायला बोलावलं नव्हतं. पहिल्याच सेल्फला लागलं. आधी थोडं अडखळलं, मग एकसारखं चालायला लागलं. बाबा दारात आले.

"ऐकलंस? ये ना, बाहेर ये."

मी गेले. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण ते छान चाललंय एवढं कळलं. बाबा बोलत सुटले. सोनागिरीत गाडी आत घ्यायची तर फाटक रुंद करावं लागेल. दूधवाला तिथलाच लावायचा. गॅस उंबऱ्याजवळ नको, खिडकीकडे घेऊ. दुपारी दोस्त येतील, त्यांच्यासाठी बाज लागेल. आई गेल्यापासून इतकं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "दादाने तिकीट काढलंय."

"कोणाचं?"

"तुमचं. येत्या शुक्रवारचं."

"त्याला सांग ना, गाडी लागली म्हणून."

"त्याला रविवारचं सांगितलं मी. की तुम्हाला एक नंबर कुठला ते कळलं नाही."

त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, बोट इंजिनाच्या मागच्या टोकाकडे गेलं, आणि मग ते थांबले. सबब सांगितल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं असणार. मला माहीत आहे बाबा, काकांनी कालच सांगितलं, एवढं एक वाक्य मला म्हणायचं होतं. फोन आत टेबलावर होता, त्याची लाइनही अजून कापलेली नव्हती. मी तिथेच उभी राहिले.

"तू बघितलंस आणि सांगितलंस ना," ते म्हणाले. "मग ठीक आहे." इन्स्पेक्शनने नापास केलेल्या कामावर त्यांनी शॉपमध्ये कधी वाद घातला नव्हता. माझ्याशीही घातला नाही.

त्यांचे हात तेलाने भरलेले होते. "बंद कर," ते म्हणाले. मी आत बसून किल्ली फिरवली. इंजिन चालूच राहिलं.

"किल्लीने नाही होत बंद. ती खालची मूठ ओढ, आणि पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेव. मध्येच सोडलीस तर परत चालू लागेल."

मी मूठ ओढली. इंजिन धडधडलं, हळू झालं, पुन्हा एकदा धडधडलं. बाबा खिडकीपाशी उभे होते, माझ्या हाताकडे बघत. मी सोडली नाही.