सुतकातलं अत्तर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अत्तर घ्यायला जळगावला गेलो आणि न घेता परत आलो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे मला सजवून सांगता येत नाही. झालं तसं लिहितो. हसू आलं तर हसा. मलाही येतं. फक्त एकदा आलं की थांबवता येत नाही, ही पंचाईत.

दिवाळी तोंडावर आली होती. आमचा पोरगा प्रकाश तिकडं नरडाण्याला कारखान्यात, तो बायको-पोरांना घेऊन येणार होता. दर दिवाळीला आमच्याकडे उटण्याबरोबर हिन्याची एक बारकी बाटली यायची. चांगला की वाईट, कोणी विचारत नव्हतं. त्या वर्षी आमच्या म्हातारीच्या, सुभद्राच्या, डोक्यात काय आलं कोण जाणे!

"औंदा माले मना मनसारखं अत्तर पाहिजे," ती म्हणाली. (माहेर शिरपूरच्या वरचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. सगळा संसार जामनेरात झाला, पण बोली तिनं माहेरचीच ठेवली.)

"मोगरा घे. गुलाब घे."

"ते नव्या नवरीसना शे. माले आम्ना महादेवना वास पाहिजे."

तिच्या माहेरी डोंगराच्या पोटात एक महादेव आहे. पार वाकून, जवळजवळ रांगतच आत जायचं. आत मिट्ट काळोख, ओले दगड, वटवाघळं, जुनं तेल, धूप आणि विझलेल्या वातीचा धूर. लहानपणी ती आणि तिचा भाऊ रोज तिथं दिवा लावायला जायचे. (मी लग्न झाल्यावर एकदाच गेलो. दारातच कपाळ आपटलं, म्हणून बाहेर बसूनच नमस्कार केला.)

"अगं बाई, दुनिया फुलांचा वास मागते आणि तू वटवाघळांच्या घरचा!"

"तुम्हना नाकले काय कयस? उगा ऱ्हा."

हे मात्र खरं. माझा जन्म गेला जळगावच्या डाळमिलमध्ये, जामनेरहून रोज ये-जा करत. तुरीची धूळ आणि भुसा इतका नाकात गेला, की नाक फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं. दूध करपलेलं मला धूर दिसल्यावर कळायचं.

तर गेलो जळगावला. मशिदीजवळच्या गल्लीत एक अत्तरवाले चाचा होते. काचेच्या बुचांच्या बाटल्या, कापूस, काड्या, सगळं टापटीप.

"अम्मा, ये गुलाब सूंघो."

"नको."

"चमेली?"

"नको. अंधारना वास पाहिजे. बंद देऊळना. दिवा इझाना म्हंजे येस ना, तसा."

चाचा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. मी नुसता पिशवी धरायला आलोय."

चाचांनी खालचा कप्पा उघडला. खस, लोबान, ऊद, ओल्या मातीचं, आणखी कशाकशाचं. सगळी काळी-तपकिरी, काढ्यासारखी. "ये तो अम्मा, मजार पे चढ़ाने वाले ले जाते," ते जरा घाबरतच म्हणाले. आमच्या म्हातारीचा चेहरा असा उजळला, की लग्नात माझ्याकडे बघूनही उजळला नव्हता!

आता लावून कोणाला बघायचं? तिच्या हाताला लसणाचा आणि गोवऱ्यांचा वास. ती म्हणाली, "यास्ना हातले लावा. यास्ले दुसरं काम काय शे?"

मग काय! एक डाव्या मनगटाला, एक उजव्या. तळहातामागं, दंडाला, कोपराच्या आतल्या बाजूला. हात संपले तेव्हा चाचांनी कानात फाया खोचला. पुढं ते माझ्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे बघायला लागले, तेव्हा मी ओरडलो, "अहो, अत्तराचं दुकान आहे का दवाखाना?"

म्हातारी डोळे मिटून एकेक ठिकाण हुंगत होती. बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं, तसा माझा हात उलटापालटा करत होती. "हाऊ नही. हाऊ थोडासा शे. हाऊ गोड शे, नको." एका ठिकाणी मात्र ती थांबली. बराच वेळ थांबली. मला वाटलं झोप लागली उभ्या उभ्या.

"कोणतं?" मी विचारलं.

चाचा मध्येच म्हणाले, "अभी मत लो अम्मा. रात गुजरने दो, सुबह फिर सूंघो. जो अच्छा लगे वो आके ले जाओ." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

"सकायले सांगसू," म्हातारी म्हणाली. आणि मला ताकीद, "हात धुवू नका."

संध्याकाळी तिनं भाकरी दुधात कुस्करली आणि माझ्या हातात चमचा दिला. जन्मात पहिल्यांदा मी साहेबासारखा चमच्यानं जेवलो.

सकाळी उठलो तर ती चुलीपाशी, भिंतीला टेकून बसलेली. चहाचं पातेलं चुलीवर, चूल विझलेली. मी दोन्ही बाह्या वर सारून हात तिच्या नाकापुढं धरले.

"घे, हुंग आणि निकाल दे."

तिनं मान वर केली नाही.

"आता कशाला ताणतेस? आवडलं ते सांग, म्हणजे जळगावची गाडी गाठतो."

असाच हात पुढं करून मी उभा. तिच्यावर चिडलोसुद्धा! शेजारच्या लीलाबाई विरजण मागायला आल्या आणि किंचाळल्या, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नाक गेलं होतंच, अक्कलही गेली होती.

दुपारपर्यंत नरडाण्याहून प्रकाश आला. घर माणसांनी भरलं. बाया रडत होत्या आणि रडता रडता मध्येच थांबत होत्या. एक थांबली, दुसरी थांबली. पदर नाकाशी गेले.

"अत्तर कोणी लावलंय गं?"

"काय माणसं असतात! मयताला येताना नटून येतात!"

आमच्यात सुतकात तेल नाही, अत्तर नाही, कपाळाला गंध नाही. पुढं गंधमुक्तीच्या दिवशी सोयरेधायरे येऊन गंध लावतात, तोवर कपाळ कोरं ठेवायचं. आणि माझ्या घरात, माझ्या बायकोच्या मयताला कोणी अत्तर लावून येतं? माझं टाळकंच फिरलं. मी उठलो आणि ओरडलो, "ज्या निर्लज्जानं लावलं असेल त्यानं आत्ताच्या आत्ता बाहेर व्हावं!"

सगळे माझ्याचकडे बघताहेत. प्रकाश कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "बापू, तुम्हीच आहात."

अग्नी दिल्यावर आंघोळीला कांग नदीवर गेलो. तिथं खरा घोळ झाला. आंघोळ तर करायलाच पाहिजे. पण हातावरचं धुतलं गेलं, की म्हातारीला कोणतं आवडलं होतं ते कायमचंच गेलं! निकाल तिनं दिलाच नव्हता. मग मी दोन्ही हात आभाळाकडे ताठ वर केले आणि तसाच छातीभर पाण्यात उतरलो. पोलिसानं बंदूक रोखल्यासारखा! काठावरच्या लोकांना वाटलं, म्हातारा देवाला जाब विचारतोय. गावातली दगडासारखी माणसं ढसाढसा रडली. मी आपला पाण्यात उभा राहून विचार करतोय, कोपर तर भिजलं नाही ना.

घरी आल्यावर प्रकाशनं धरलं. "बापू, हात धुवा. लोक काय काय बोलताहेत!"

"काय बोलताहेत?"

"म्हणताहेत, म्हातारा दुसरं लग्न करणार आहे."

"बिननाकाच्याला कोण देतं रे!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"डोकं आहे. नाक नाही, म्हणून तर! यातलं एक तुझ्या आईनं निवडलंय. कोणतं ते मला कळत नाही, आणि हे गेलं तर कोणालाच कळणार नाही."

प्रकाश तिकडं तोंड करून बसला. थोड्या वेळानं उठला, खताच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या शोधून आणल्या, आणि त्या दिवसापासून आंघोळीच्या वेळी स्वतःच माझ्या हातांना बांधायला लागला. गाठी इतक्या घट्ट मारायचा, की हातांना मुंग्या यायच्या!

मग भेटायला येईल त्याच्यापुढं मी हात करायला लागलो. "जरा हुंगा हो." लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला गळ्यात पडायचंय. ते मिठी मारायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि निघून जायचे. लीलाबाईंनी हुंगलं, पण त्यांना सगळीच "छान" वाटली. सून म्हणाली, "देवळासारखं आहे." कोणत्या देवळासारखं, ते तिला सांगता येईना. एक मास्तर आले होते, त्यांनी पुन्हा पुन्हा हुंगलं, विचार केला आणि म्हणाले, "मच्छर अगरबत्ती."

बाहेर गल्लीत फटाके वाजत होते. आमच्या दारात पणती नव्हती. हात दिवसेंदिवस फिके पडत चालले असणार, ही धास्ती. मला कसं कळणार? मी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचो. आधी लोक दारातूनच नाक मुरडायचे, आता जवळ आल्यावर मुरडत होते. म्हणजे अत्तर उडत चाललं होतं.

अशात तिचा भाऊ आला, दगडूनाना. डोंगरातलं गाव, तार उशिरा पोचली, त्यात गाड्या बदलत आलेला. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही म्हणून आधीच पेटलेला माणूस. दारात काय कानावर पडलं देव जाणे, तो सरळ माझ्या अंगावरच आला.

"मनी बहीण गयी, आन् तुम्ही नवरदेव व्हयी बठनात? तुमले लाज वाटस का नही?"

"नाना, ऐकून तर घ्या..."

"काय आयकू? बठ्ठा गाव बोली ऱ्हायना! चला, उठा! पह्यले हात धुवा!"

असं म्हणून त्यानं माझा हात दंडाला धरला आणि न्हाणीकडे ओढला. मी मागं ओढतोय, तो पुढं. प्रकाश मध्ये पडला. दोघं म्हातारे आणि एक पोरगा, अंगणात अशी झोंबाझोंबी, की भेटायला आलेली माणसं फाटकातच थबकली! ओढाताणीत नाना घसरला आणि त्याचं तोंड येऊन आदळलं ते माझ्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला.

नाना तसाच राहिला.

मला वाटलं लागलं. "नाना? दात पडला का?"

त्यानं पुन्हा हुंगलं. लहान पोरासारखा बघत म्हणाला, "हाऊ कोठून लयना?"

"जळगावहून. तिनं लावून बघितलं होतं."

"हाऊ तं आम्ना महादेवना शे. आम्ही दिवा लायी ऱ्हायनूत, वारा उना का तो इझी जाये. मंग ती माले म्हने, नाना, भ्यावू नको, वास येस तवलोक देव आठेच शे." वास येतोय तोवर देव इथंच, एवढं बोलला आणि माझ्या कोपरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागला.

आता माझी परिस्थिती बघा. बायको गेल्यापासून मी रडलो नव्हतो. इथं सगळं अंगण रडतंय, प्रकाश रडतोय, रडायला इतका चांगला मोका पुन्हा कुठं मिळणार? आणि माझ्या डोक्यात एकच, नानाच्या डोळ्यांच्या पाण्यानं कोपरावरचं अत्तर वाहून जाणार! "नाना, जरा इकडच्या हातावर रडा," असं मी खरंच म्हणालो. लोकांनी ऐकलं.

गंधमुक्तीच्या दिवशी सोयरे आले, दुखवट्याच्या आहेराचे टोपी-टॉवेल झाले. नानानं माझ्या कपाळाला गंध लावलं आणि म्हणाला, "आते लावा काय लावनं शे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाला परत जायचं होतं, त्याची गाडी जळगावहूनच. मीही त्याच्याबरोबर निघालो. चाचांनी ओळखलं. "अम्मा नहीं आई?"

नानाच म्हणाला, "तिनी पसंत करी ठेवेल शे. आम्ही फक्त लेवाले उनूत."

कोणत्या कोपराला काय लावलं होतं, ते चाचांच्या कुठं लक्षात! पुन्हा खालचा कप्पा, पुन्हा कापूस, पुन्हा माझे हात. चाचा लावताहेत आणि भर बाजारात एक म्हातारा दुसऱ्याचा हात हुंगतोय. येणारे-जाणारे थांबून बघत होते. अखेर नानानं एका बाटलीवर बोट ठेवलं. नाव मला आजही सांगता येणार नाही, काळपट आहे एवढं खरं. बाटली घेतली. नानाला धुळ्याच्या गाडीत बसवलं, आणि मी जामनेरच्या गाडीत चढलो.

गाडीत बसलो आणि बाटलीतलं थोडं त्याच कोपराला लावलं. शेजारी बसायला आलेला माणूस पुढच्या बाकावर सरकला. कंडक्टर आला.

"आबा, आत सरका. खिडकीकडं बसा."

"तिथं आमच्या घरच्या बसतात," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"म्हणजे दोन जामनेर," तो म्हणाला आणि टर्रकन दोन तिकिटं फाडली. मी पैसे दिले. गाडी सुरू झाली, स्टँडच्या बाहेर पडली, आणि कंडक्टरनं रिकामी जागा बघून घंटीची दोरी धरली.

"अहो आबा, तुमच्या बाई खालीच राहिल्या! थांबवू का गाडी?"

"चालू द्या. ती पुढं गेली."

"पुढं गेली? मग तिचं तिकीट कशाला काढलं?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो, थांबता येईना. जन्मभर डाळमिलमध्ये गाडीत चढणारी पोती मोजली, एका पोत्याचा फरक कधी पडू दिला नाही. आणि इथं एकट्या माणसाचे दोन मोजून बसलो!