गुऱ्हाळघरातली माणसं

कुणाच्याही घरी गेले की मास्तर उंबऱ्यातच थांबत. आधी खिडकी बघत, मग माणसं. "उजेड कुठनं येतोय?" असं विचारून मगच वहाणा काढत. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

सांगलीच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, मी मराठी. लढाईच्या दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि कुंडलजवळच्या आपल्या मळ्यातलं बंद पडलेलं गुऱ्हाळघर चित्रं काढायला आणि मांडायला घेतलं. गुळाच्या कढईखालचं चुलवाण बुजवलं, काजळी खरवडली, छपरात मिरजेहून आणलेली काच बसवली. दोनदा चुना देऊनही काकवीचा वास गेला नाही. मुंग्या तेवढ्या नेमानं येत.

धाकट्या भावानं बजावलं होतं, "दादा, माणसं बघाय आली तर ऱ्हाऊ देत तुझी चित्रं. न्हाई आली तर पुढच्या हंगामाला कढई हितंच चढंल."

मास्तरांनी गावच्याच माणसांची चित्रं काढली. पहिल्या दिवशी निम्मं गाव लोटलं. मीही होतो. एकाएकी शेजारच्या आत्या ओरडल्या, "आवं मास्तर, मला जित्तीच भिंतीला टांगलं की!"

त्या गावात भिंतीवर तसबीर लागे ती गेलेल्या माणसाची. त्यातच कुण्या सुनेनं रीतीप्रमाणे आत्यांच्या चित्राला हार घातलेला. बघता बघता सगळे निघून गेले. पुढं कुणी फिरकेना.

 काही दिवसांनी मास्तरांनी आरशात बघून स्वतःचं चित्र काढलं, दारासमोर टांगलं, त्याला झेंडूचा हार घातला आणि त्याखालीच भाकरी-ठेचा घेऊन बसले.

आत्या दारातून डोकावल्या. "मेलेलं माणूस एवढा ठेचा खातंय व्हय?"

"ये की आत्या, तूबी बस."

आत्या आपल्या चित्राखाली बसून जेवल्या. वर म्हणाल्या, "नाक लय बसकं काढलंय गड्या." त्यानंतर आपापली नाकं तपासायला माणसं येतच राहिली. भावाची कढई काही आत चढली नाही.

मास्तर गेल्याचं मला उशिरा कळलं. गेलो तेव्हा उसाचा हंगाम होता. भावानं उघड्या रानात नवं चुलवाण खणलं होतं. वाऱ्यानं जाळ सारखा विस्कटत होता.

"गुऱ्हाळघर आता मोकळंच आहे ना?" मी विचारलं.

तो कढईतली मळी काढत होता. वर न बघता म्हणाला, "मोकळं कुठलं? समदी हायत की आत. दादाबी हाय. तितं जाळ केला तर धूर लागंल त्यास्नी."