सात चिंचोके

नवं राज्य झालं तेव्हा रायपूरच्या आमच्या कार्यालयात सात माणसं आणि सात समित्या होत्या. प्रत्येक समितीत तिघं, आणि कुठल्याही दोन समित्यांत एकजण सामाईक हवा, म्हणजे निरोप अडणार नाही. "मला सगळ्यांत टाका," मी म्हणालो.

खिशात कायम चिंचोके बाळगणारा आमचा बाबू हसला. "अन् तुमी सुट्टीवर गेले त, साहेब?"

टेबलावर सात चिंचोके सरकवत त्याने यादी जुळवली. प्रत्येकाला तीनच समित्या, मलाही. ती यादी मी स्वतःची म्हणून वर पाठवली आणि बढती घेतली. अभिनंदनाला पहिला तोच आला. "जमलं ना साहेब, बस."

यादी त्याची होती. हे सगळं लिहिलेला हा कागद उद्या चौबे कॉलनीत, त्याच्या घरी, त्याच्या हाती देणार आहे. तो हसून परत करील. मी घेणार नाही.