निरगुडीचं कडू पाणी

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मला वाटलं, आता ती हंबरडा फोडणार. ती चक्क हसली. डॉक्टर कीमोचं समजावून सांगत होते, तर त्यांना मधेच थांबवून म्हणाली, "मना सुया नको. माजी पोर दवा काढते."

ती पोर म्हणजे मी. पनवेलच्या एका कॉलेजात मी निरगुडीवर संशोधन करते. आपटा गावातून नदीकाठचा पाला तोडून आणायचा, सावलीत सुकवायचा, भुकटी अल्कोहोलमध्ये भिजवून गाळायची आणि अल्कोहोल उडवून टाकायचं. तळाशी काळपट, चिकट अर्क उरतो. मग त्यात काय काय आहे ते एकेक करून वेगळं करत बसायचं. या अर्कानं एकदा काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या होत्या. आईनं तेव्हा आमच्या रोडपालीत घरोघरी पेढे वाटले होते.

"अगं आये, त्या बशीत मेल्या! बशीत साबणाचं पाणी ओतलं तरी मरतात!" मी घसा फाटेस्तोवर ओरडले. भाऊ पाया पडला. मामा देव पाण्यात घालून बसला. बाई ढिम्म हलली नाही. तिचं लहानपण मिठागरावर गेलेलं, म्हणून माझं काम तिला तिच्या परीनं कळलेलं होतं. "पानी उडवायचं, मीठ ऱ्हातं. तुजं बी तसंच हाय. मंग दे ना चमचाभर! आयला द्यायला हात का आखडते?"

कपाळ! ती दिवसेंदिवस वाळत चालली, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. आणि मी रोज सकाळी त्याच निरगुडीच्या वासात जाऊन उभी राहायचे. फ्रिजमधली ती अर्काची बाटली फरशीवर आपटावी असं वाटायचं. मार्गदर्शक सरांनी "कसं चाललंय?" विचारलं की मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे. माझ्याच कामानं माझी आई मरणार होती.

शेवटी एके दिवशी जेवताना माझं डोकंच सटकलं. तिनं पुन्हा चमचाभर मागितलं, तशी मी ताट सरकवलं. "मीठ बसल्यावर वरचं कडू पाणी सोडून देता ना तुम्ही? नाही सोडलं तर?"

"मीठ कडू व्हतं. कोन खानार तं?"

"मग माझ्या बाटलीतलं कडू पाणी अजून निघालेलं नाही. तसंच देऊ?"

ती बोटानं भात चिवडत राहिली. मग म्हणाली, "मंग निंगल तवा दे. तवर त्या सुया घेते. पन तू थांबू नको हां!"

गंगेत घोडं न्हालं एकदाचं! सुया सुरू झाल्या. केस गेले, तोंड आलं, पाणीसुद्धा पोटात ठरेना. पण ती जात राहिली. मी घरी आले की ती निरगुडीच्या वासासाठी माझा हात हुंगायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "निंगला का कडू पानी?" मी म्हणायचे, निघतंय.

काल दुपारी नवा निकाल आला. या वेळी आम्ही अर्क चांगल्या पेशींवरही घालून पाहिला होता. त्याही मेल्या, तितक्याच पटापट. सर म्हणाले, असं होतं, दुसरी वनस्पती घेऊ. मी हातमोजे काढून टाकले.

आज सकाळी पुढची सुई होती. भावानं दारात रिक्षा आणली. आई खाटेवरून उठेना. "माज्यानं नाय व्हत आता. मरू दे मना." पहिल्यांदाच असं बोलली ती. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले. तिनं माझा हात ओढून घेतला, नेहमीसारखा हुंगला.

"खरं सांग. निंगला का?"

बाहेर भाऊ हाका मारत होता.

"निघत आलंय आये. थोडंच राहिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीला धरून उठली.

"मंग चल. माजी चप्पल कुटं हाय, बग."