मनुकांचा रस

वत्सलाबाई पारखे म्हणजे एक नंबरची फटकळ बाई. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीतली छोटीशी ख्रिस्ती मंडळी तिच्या तोंडाला टरकून असायची. पण कोणाच्या घरी दुखणं आलं की पहिली हाक तिलाच. दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं काढलेली, तिला कशाची किळस नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या आठवणीत सगळ्यांना पाव आणि द्राक्षारस; तो रसही तिच्याच हातचा. काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या. "विकतचा म्हणजे नुसतं साखरपाणी," म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात तिने एका तापलेल्या लेकराच्या कपाळाला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लेकरू बरं झालं आणि लोक तिच्या दारी येऊ लागले. झालं! चर्चची कमिटी बसली. चर्चचे पाळकसाहेब भला माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. तेच सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुम्ही मनापासून करता, मान्य. पण ही कामं ज्याने त्याने उठून करायची नसतात. दीक्षा लागते, अधिकार लागतो." एरवी कोणाचं ऐकून न घेणारी बाई त्या दिवशी मान खाली घालून उठली. घरी येऊन तिने तेलाची बाटली फळीवर मागे सारली. तिने मनावर घेतलं ते घेतलंच.

शेजारच्या खोलीत कुसाबाई राहायची. मूळची दिंडोरीकडची, बाप्तिस्मा घेतला तेव्हाच माहेर तुटलं. वत्सलाबाईशिवाय तिला कोणी नव्हतं. पोटाचा कॅन्सर झाला, तशी आठ महिने वत्सलाबाईनेच तिचं अंग पुसलं, पाय धुतले, भांडं उचललं, आणि वर शिव्याही घातल्या.

मार्चमधल्या एका दुपारी कुसाबाई म्हणाली, "वत्से, मला प्रभुभोजन पायजे. आता नाय राहत मी."

वत्सलाबाईने पाव काढला, रस कपात ओतला आणि पाळकसाहेबांना फोन लावला. ते मालेगावला लग्न लावायला गेले होते. "निघालोच. दोन तासांत पोचतो, थांबा," म्हणाले. पण चांदवडच्या घाटात ट्रक उलटला आणि रस्ता बंद झाला. चार वाजले. नंतर फोनही लागेना.

"तूच दे ना गं. कप तर तुझ्या हातातच हाय."

"मला अधिकार नाही कुसा. साहेब येतायत. जरा धीर धर."

"अन् माझे पाय धुतले तव्हा कोणाला इचारलं व्हतं?"

वत्सलाबाईला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कप पुढे गेलासुद्धा. पण मनात आलं, आपण दिलेलं देवाने धरलंच नाही तर? मरणाच्या दारात कुसाची फसवणूक व्हायची. तिने कप खाली ठेवला आणि चमचाभर पाणी पुढे केलं. कुसाबाईने ते घेतलं नाही, तोंड भिंतीकडे फिरवलं. पाचच्या सुमारास ती गेली, तशीच, भिंतीकडे तोंड करून.

पावणेसहाला पाळकसाहेब घामाघूम होऊन आले. त्यांनी भरलेला कप पाहिला. "अरेरे! बाई, तुम्हीच द्यायचं होतंत. अशा वेळी देव का दीक्षा बघत बसतो?"

"हे त्या दिवशी कमिटीत सांगायचं होतंत, साहेब."

साहेब खाटेच्या कडेला बसले. वत्सलाबाईने पाणी गरम केलं आणि कुसाबाईचे पाय शेवटचे धुतले. तेवढ्यासाठी तिला कोणाचा अधिकार लागत नव्हता, आणि त्याचंच तिला रडू येत होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी मनुका तिनेच गाळल्या. माणसं रांगेने पुढे गेली, गुडघे टेकून परत आली. ती बाकावरून हलली नाही. शेवटी पाळकसाहेब स्वतः कप घेऊन तिच्यापाशी आले. "घ्या, बाई," अगदी हळू म्हणाले.

वत्सलाबाईने नकारार्थी मान हलवली.

"तिने मरताना मागितलं, ते मी दिलं नाही. आता मी कुठल्या तोंडाने घेऊ?"