नावेच्या पाठीवर थाप

नाव विकत घ्यायला गेलो तेव्हा मी आधी तिचे दात पाहिले, असं आमच्या घरात अजून सांगतात. ते खरं नाही. मी फक्त तिच्या पाठीवर थाप मारली आणि तोंडातून ‘हो, हो’ निघून गेलं. बैलबाजारात हयात गेलेल्या माणसाकडून एवढं व्हायचंच. विकणारा म्हातारा ढिवर, म्हणजे आमच्याकडचा मासेमार, गंभीरपणे म्हणाला, “मारत नाही जी ते. गरीब हाय.”

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत होतो. घर आमगावच्या बाजूला आणि बायकोच्या बापाने तिच्या नावे केलेली धानाची बांधी बाघ नदीच्या पलीकडे. पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, आम्ही घराजवळच टाकायचो, कारण तिकडे राखायला कोणी नव्हतं. पावसाळ्यात घाटावरचा नावाडी आधी बाजारकरूंना न्यायचा आणि वेळ उरला तर आम्हाला. आदल्या वर्षी वाट पाहून पाहून पऱ्हे म्हातारे झाले, रोवणी उशिरा झाली, लोंब्या पोचट निघाल्या. तिकडच्या तिच्या चुलतभावाने निरोप धाडला : “जमत नसन तं सोडा. यंदा उशीर झाला तं आमी नांगर घालतो.” त्यानंतर दोन दिवस बायकोच्या भाजीत मीठ नव्हतं. म्हणून घरचीच नाव घ्यायचं ठरलं.

बघायला मीही येते, असं ती म्हणाली होती. तिचं माहेर नदीकाठचं, लहानपण नावेतच गेलेलं. पण व्यवहाराला बायकांना नेत नाहीत, असं मी म्हणालो आणि एकटाच गेलो.

ढिवराकडे सारख्याच मापाच्या दोन नावा होत्या. त्याला एकच ठेवायची होती. कोणतीही न्या म्हणाला. एक मोहाच्या झाडाखाली पालथी पडलेली, डांबराने काळीभोर चमकणारी. तिच्याबरोबर डोलकाठी आणि शिडाचं कापडही मिळणार होतं. दुसरी तलावाच्या काठाशी चक्क बुडालेली. पाण्याखाली तिच्या कडा दिसत होत्या आणि आत हे मोठाले गोटे.

“तिले काऊन बुडू देल्ली?” मी विचारलं.

“उन्हाळा हाय ना जी,” तो म्हणाला.

उन्हाने बैल खाली बसतो हे मला माहीत होतं; नाव बसते हे नवीन होतं. तरी मी तुलना कसोशीने केली. पहिलीचा बांधा पाहिला, खांदा पाहिला, तुकतुकी पाहिली. दुसरीला काठावरून काठीने ढोसलं. ती उठली नाही. ढोसूनही जो उठत नाही तो घेऊ नये, ही आमच्या बापाची शिकवण. तुलना संपली.

काळी नाव गाडीवर घालून घरी आणली. बायकोने तिच्याभोवती एक चक्कर मारली.

“दुसरी कशी होती?”

“बुडालेली.”

“आत गोटे होते काय?”

“होते की. मोठमोठे.”

तिने नावेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तेच चांगली होती. उन्हात लाकूड आकसते, फटी पडतेत. म्हणून गोटे भरून पाण्यात ठेवतेत. हे बी बोडीच्या पाण्यात बुडवा आता.”

“बुडवायला आणली नाही मी,” म्हणालो आणि नावेवर धानाचं तणस पसरलं, तिला ऊन लागू नये म्हणून. गावातले लोक पाहायला यायचे. मी त्यांना शीड समजावून सांगायचो. वल्हवायची गरजच नाही, वारा नेतो.

“वारा तिकडं नेईन,” बायको आतून म्हणाली, “वापस कोन आनन?”

“दुपारनंतर हवा फिरते,” मी म्हणालो. हे ज्ञान मला त्याच क्षणी झालं होतं.

नदी चढली. पऱ्हे रोवणीला आले, पलीकडच्या बाया ठरल्या. मी उपटायला निघालो तर तिने अडवलं. “आधी नाव उतरवा. उपटलेले पऱ्हे दोन दिवसावर टिकत नाहीत.” मला राग आला, पण ऐकलं. नाला नदीला मिळतो तिथल्या संथ पाण्यात नाव उतरवली. अर्धं गाव काठावर. मी शीड उभारून डोलकाठीला धरून उभा राहिलो. दहा ठिकाणांहून पाणी आलं. “रातचं पावसाचं साचलं असन,” मी काठावर ऐकू जाईल असं म्हणालो. पाणी पोटऱ्यांना लागलं आणि नाव माझ्याखाली हळूहळू गुडघे टेकत बसली. शीड तेवढं फुगलेलं होतं.

बायकोने लुगडं खोचलं, काठावरचा एक गोटा उचलला आणि पाण्यात येऊन माझ्या हातात दिला. “बसलीच हाय तं बसू द्या. भरा.”

सगळ्या गावासमोर मी माझ्या नव्या नावेत गोटे भरले.

चार-पाच दिवसांनी उपसून काढली तेव्हा आत थेंब येत नव्हता. मगच पऱ्हे उपटले. वाऱ्याने खरोखरच पलीकडे नेलं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. चुलतभाऊ बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, बैलजोडी घेऊन उभाच होता. पेंढ्या उतरताना पाहून त्याने नांगर सोडला आणि दोन पेंढ्या उचलल्या. दिवस मावळायच्या आत अर्धी बांधी हिरवी झाली.

परतताना हवा फिरली नव्हती. शीड गुंडाळून दोघांनी वल्हवलं, वारा तोंडावर घेत. (त्या शिडावर नंतर कितीतरी वर्षं धान वाळलं.) ती काहीतरी बोलणार म्हणून मी वाट पाहत होतो. नदीच्या मध्यावर ती बोलली.

“आता बैल घ्याले जासान तं मले घेऊन चाला,” म्हणाली. “नाही तं त्याले बुडवून पाहासान.”